साताऱ्याहून लंडन, आई-अण्णांना घेऊन, स्वतःचं स्वतः

मागच्या मे महिन्यात आम्ही चौघं लंडनला जाऊन आलो, मी, धाकटा भाऊ, आई आणि अण्णा. तेव्हापासनं राजवाडा चौपाटीवर म्हणू नका, लग्नाकार्यात म्हणू नका, जो भेटेल तो हेच विचारतोय, टूरबरोबर गेला का स्वतःचं स्वतः, पैसे किती लागले, अण्णांना या वयात झेपलं का. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते, ज्याला जायचंय त्याच्या कामी येईल.

आधी दिवसांचं. टूरवाले बारा दिवसांच्या युरोपात लंडनला दीड-दोन दिवस देतात, बिग बेनपाशी बस थांबते, वीस मिनिटं फोटो काढायचे की परत बसमध्ये. सत्तरीतल्या माणसाची त्यात नुसती दमछाक होते. माझं म्हणणं, निदान सात दिवस पूर्ण द्या आणि रोज एकच भाग धरा. सकाळी लवकर निघायचं, दुपारी कुठंतरी बागेत नाहीतर म्युझियममधल्या बाकावर तासभर टेकायचं, आणि जमेल तिथं पायी नाहीतर बसनं जायचं. भुयारातल्या मेट्रोनं लवकर पोचता हे खरं पण गाव दिसत नाही, आणि आपण गाव बघायला गेलोय.

आणि आपण सातारकर आहोत म्हणून अजून एक सांगते. आपल्या गावाचं लंडनशी नातं जुनं आहे आणि ते दुखरंही आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं १८३९ साली गादीवरनं काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते समुद्र ओलांडून लंडनला गेले आणि १८४० पासनं १८५३ पर्यंत तिथं राहून भांडत राहिले. त्याच महाराजांचं नाव आज ज्या शाळेला आहे त्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव नावाच्या मुलाचं नाव लागलं, आणि तो मुलगा पुढं लंडनला जाऊन डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी दोन्ही घेऊन आला. आमचे अण्णा त्याच शाळेचे. त्यामुळं आमच्या सहलीत काय बघायचं याचा निम्मा प्रश्न घरातच सुटला होता, तुम्हीही जाल तेव्हा या जागा यादीत आधी लिहा, बकिंगहॅमचा राजवाडा वगैरे नंतर.

आता व्हिसा. युरोपचा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही, यूकेचा वेगळा काढावा लागतो, हे मुद्दाम सांगते कारण दोघा-तिघांनी मला पॅरिसचा आहे की मग लंडनला काय लागतंय असं विचारलंय. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा, अर्ज ऑनलाइन, सरकारच्याच साइटवर, प्रत्येक माणसाचा वेगळा. निघायच्या तीन महिने आधीपासनं भरता येतो. फी २०२५ च्या एप्रिलमध्ये १२७ पौंड झाली होती, पुढंही वाढू शकते तेव्हा भरताना साइटवरचा आकडा बघा. अर्ज भरून झाला की बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला पुण्यातल्या व्हिसा सेंटरला जायचं, सातारा-पुणे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. साधारण तीन आठवड्यांत निकाल लागतो, पण मे-जूनच्या गर्दीत हातात दीड-दोन महिने ठेवा.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं बँकेचं स्टेटमेंट, आणि इथंच लोक चुकतात. आमच्या नात्यातल्या एकांना एका एजंटनं सांगितलं की अर्जाआधी खात्यात चार-पाच लाख आणून टाका म्हणजे भरभक्कम दिसतंय, त्यांनी पाहुण्यांकडनं उसने घेऊन टाकले आणि व्हिसा नाकारला गेला, कारण ते पैसे अचानक कुठनं आले हे कागदावर कुठंच नव्हतं. फी गेली ती गेलीच, परत मिळत नाही. सहा महिने आधीपासनं खातं जसं चालतं तसं चालू द्या, पेन्शन असेल तर पेन्शन दिसू द्या, इन्कम टॅक्सचे रिटर्न, घर-शेताचे उतारे, खर्च मुलगा-मुलगी करणार असतील तर तसं सरळ पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. मराठी कागद असेल, सातबारा वगैरे, तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं. आणि तुम्ही परत का येणार हे त्यात दिसलं पाहिजे, नोकरी, शेती, दुकान, इथली माणसं. आम्ही एजंट न धरता भावानं तीन रात्री बसून चौघांचे फॉर्म भरले, गेल्या दहा वर्षांत परदेशी कुठं कुठं गेला होता तेही विचारतात त्यामुळं जुने पासपोर्ट शोधून जवळ ठेवा.

बॅगेत काय न्यायचं यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. पहिली गोष्ट, कंदी पेढे नेऊ नका. मला पण वाईट वाटलं, भाऊ तर मोदींच्या दुकानापाशी जाऊन परत आला, पण आपल्याकडनं यूकेत जाताना दूध आणि मांस यांचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढा, खवा, पनीर, तूप काहीच नाही. आम्ही नेलं ते शेंगदाण्याची चटणी, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, थोडी भाजणी आणि कांदा-लसूण मसाल्याची एक घट्ट झाकणाची बरणी, ती डबल पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत, केबिनच्या बॅगेत नको. औषधं मात्र जवळच्या बॅगेत, मूळ पाकिटातच, सुट्ट्या गोळ्या डबीत भरून नको, आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या आम्ही पंधरा दिवस जास्तीच्या घेतल्या होत्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स वयस्कर माणसांसाठी काढाच आणि आधीपासनं असलेले आजार त्यात धरलेत का ते वाचून घ्या, तिथं पाहुण्यांना दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर बिल मोठं येतं.

कपडे, मे-जून असला तरी स्वेटर, त्यावर पाऊस न झिरपणारं जाकीट. एका दिवसात ऊन, पाऊस, गार वारं सगळं होतं, महाबळेश्वरला ऑगस्टमध्ये जसं असतं त्याच्यापेक्षा जरा कोरडं धरा. बूट नवे नकोत, महिनाभर आधी घालून अजिंक्यताऱ्यावर चढून-उतरून बघा. आईनं रोज सकाळी साताऱ्यातल्या चार भिंती नावाच्या टेकडीपर्यंत जायचा सराव केला होता, त्याचा तिथं फार उपयोग झाला. प्लग तिथले तीन चौकोनी पायांचे, ॲडॉप्टर इथनंच घ्या. आणि एक साधी रिकामी पाण्याची बाटली, टॉयलेटमध्ये तिथं फक्त कागद असतो, आपल्या माणसांना ती बाटली लागतेच, संकोच न करता पिशवीत ठेवा.

साताऱ्यावरनं मुंबई एअरपोर्ट अडीचशे किलोमीटर, पाच-सहा तास म्हणतात पण खंबाटकीत नाहीतर बोरघाटात एखादा ट्रक आडवा झाला की सगळं गणित बिघडतं. विमान पहाटेचं असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा. मुंबई ते हीथ्रो थेट विमान घेतलं तर साडेनऊ-दहा तास, मधे कुठं बदलून जाणारं स्वस्त पडतं, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री दोन वाजता दुसऱ्या एअरपोर्टवर पळापळ करायची का ते ठरवा. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागायची, पैसे पडत नाहीत आणि इमिग्रेशनपर्यंत माणूस सोडायला येतो, हीथ्रोवर चालायचं अंतर खूप आहे.

इमिग्रेशनला किती दिवस, कुठं राहणार, परत कधी एवढंच विचारलं. परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता कागदावर छापून ठेवा, मोबाईल तेव्हाच बंद पडतो.

हीथ्रोवरनं गावात यायला दोन चांगले रस्ते. पिकॅडिली लाइन ही जुनी मेट्रो, स्वस्त, तासभर तरी लागतो. दुसरी एलिझाबेथ लाइन, २०२२ मध्ये सुरू झालीय, भाडं दुपटीहून जास्त पण डबे मोठे, एसी, लवकर पोचते. बॅगा आणि वडीलधारी बरोबर असतील तर डोळे झाकून एलिझाबेथ घ्या. लंडनची मेट्रो १८६३ सालची, जगातली पहिली, त्यामुळं कित्येक जुन्या स्टेशनांवर लिफ्टच नाही, नुसते जिने. नकाशावर ज्या स्टेशनाला व्हीलचेअरचं चिन्ह आहे तीच स्टेशनं धरायची हे आम्ही पहिल्या दिवशी शिकलो.

तिकिटाचं असं आहे, तिथं काउंटरवर उभं राहून तिकीट काढायची गरज नाही. आपलं टॅप होणारं कार्ड, फॉरेक्स कार्ड असलं तरी चालतं, मेट्रोच्या गेटवरच्या पिवळ्या गोल चकतीला टेकवायचं, आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना परत एकदा. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र फक्त चढताना, उतरताना नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत, म्हणून आई-अण्णांना ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायची तिथली प्रवासाची कार्डं, काढून दिली आणि दोरीत घालून गळ्यात अडकवली, सारखं पर्समध्ये शोधायला नको. फोननं पैसे देत असाल तर रोज फोननंच द्या, एकदा फोन एकदा कार्ड असं केलं तर ती दोन वेगळी माणसं धरली जातात आणि दिवसाची जी कमाल मर्यादा आहे तिचा फायदा मिळत नाही. ही मर्यादा फार चांगली सोय आहे. बसचं भाडं २०२५ मध्ये १ पौंड ७५ पेन्स होतं, कुठंही जा, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासनं तासाभरात कितीही बस बदला, परत पैसे नाहीत. दिवसभर नुसती बस वापरली तर तीन भाड्यांएवढे पैसे कापले की पुढं फुकट. दहा वर्षांपर्यंतची पोरं मोठ्यांबरोबर फुकट. बसमध्ये रोख पैसे अजिबात चालत नाहीत. जायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप दोन्ही चालू आहे का बघा, आमचं एक कार्ड तिथं गेल्यावर चाललंच नाही आणि रात्री बँकेला फोन लावत बसावं लागलं.

राहायला आम्ही ईलिंग भागात स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं. मधल्या लंडनमधली हॉटेलं महाग आणि खोल्या लहान. ईलिंग ब्रॉडवेला एलिझाबेथ लाइन येते, पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यावर, आसपास भारतीय वाणसामान मिळतं. स्वयंपाकघर हवंच, कारण सकाळी पोहे-उपमा खाऊन, दुपारचं डब्यात घेऊन निघालं की खर्च निम्म्यावर येतो आणि आईबापाची पोटं ठीक राहतात. फक्त फोडणी देताना जपून. तिकडं छतावर धुराचा अलार्म असतो, आईनं पहिल्या दिवशी सवयीनं तेल चांगलं तापवून मोहरी टाकली, मिरची पडली, आणि घरभर असा कर्णा वाजायला लागला की अण्णा चप्पल न घालता बाहेर. तेव्हापासनं आधी खिडकी उघडायची, पंखा लावायचा, स्वयंपाकघराचं दार लोटायचं, मगच फोडणी.

बाहेर खायचं म्हणाल तर शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत. पाकिटावर व्ही छापलेलं असतं. सुपरमार्केटात सँडविच, पेय आणि एखादं खाऊचं पाकीट मिळून मील डील मिळतं, ते घेऊन बागेत बसायचं. युस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत, वेम्बलीत गुजराती, आणि हाउन्स्लोला वडापाव मिळतो. नळाचं पाणी सरळ प्या, हॉटेलात टॅप वॉटर म्हणून मागितलं की फुकट देतात. बिलात बऱ्याचदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, वर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

पोचलात त्या दिवशी काही ठरवू नका. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं, थंडीत साडेपाच, म्हणजे पहाटे साडेतीनला सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. याचा फायदाच करून घ्या. मे-जूनमध्ये पाचच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री नवापर्यंत उजेड असतो, दिवस भरपूर मोठा मिळतो. उलट डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार, तेव्हा जाणार असाल तर निम्म्याच गोष्टी ठरवा.

पहिला दिवस वेस्टमिन्स्टर. सकाळी आठच्या आत वेस्टमिन्स्टर पुलावर उभं राहा, गर्दी नसते, नदीवर वारं असतं आणि समोर पार्लमेंट. बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, साडेतेरा टनांच्या वर वजन, मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर. तिथनं चालत सेंट जेम्स पार्क, त्या तळ्यात पेलिकन पक्षी आहेत, १६६४ पासनं तिथं पेलिकन ठेवतात, आई तिथं तासभर बसली. मग बकिंगहॅम पॅलेसपुढं पहाऱ्याची बदली, बहुतेक करून सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार अकरा वाजता, पण आदल्या रात्री साइटवर बघून घ्या, पाऊस असेल तर रद्द होते. वेस्टमिन्स्टर ॲबेचं तिकीट महाग आहे, बघायचं असेल तर जरूर बघा, न्यूटनची समाधी तिथंच आहे. पण तिकीट काढायचं नसेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हनसाँगला, कुणालाही फुकट बसता येतं, फोन बंद ठेवून शांत बसायचं. आम्ही तसंच गेलो, त्या उंच कमानींखाली मुलांचं गाणं ऐकताना अण्णा डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन. तिकीट तेव्हा ३५ पौंडांच्या आसपास होतं, ऑनलाइन काढा, आणि दार उघडताना तिथं हजर राहा. आत गेल्या गेल्या बाकी काही न बघता सरळ दागिन्यांच्या इमारतीत जायचं, अकरानंतर मोठी रांग लागते. मुकुट जिथं ठेवलेत तिथं सरकता पट्टा आहे, त्याच्यावर उभं राहिलं की तो तुम्हाला हळूहळू पुढं नेतो, थांबता येत नाही. कोहिनूर राजमातेच्या मुकुटात पुढं बसवलाय. १८४९ मध्ये पंजाब घेताना दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगांकडनं तो तहात लिहून घेतला, १८५२ मध्ये लंडनला परत पैलू पाडले तेव्हा १८६ कॅरेटचा १०५ वर आला. एकदा बघून मागं वळून परत पट्ट्यावर चढता येतं, सकाळी लवकर गेलात तर. आम्ही तीनदा गेलो. फोटो काढायला बंदी आहे.

टॉवरवरनं पंधरा-वीस मिनिटं चाललं की लेडनहॉल स्ट्रीट लागतो, आणि ही जागा कुठल्याही टूरमध्ये नाही म्हणून नीट सांगते. ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ऑफिस, ईस्ट इंडिया हाउस, याच रस्त्यावर होतं. रंगो बापूजींचे अर्ज, भाषणं, खेटे, सगळं इथं. १८४७ ला महाराज काशीला वारले, १८४८ ला साताऱ्याचं राज्यच खालसा केलं, तरी ते मागं हटले नाहीत. परत आल्यावर सत्तावनच्या उठावात त्यांचं नाव आलं आणि पुढं ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. ती इमारत १८६१ च्या सुमाराला पाडली, आता तिथं लॉइड्स या विमावाल्यांची स्टीलची इमारत आहे, १९८६ ची, पाइप, जिने, लिफ्ट सगळं बाहेरच्या अंगाला. जुनं काही शिल्लक नाही. सूटबूट घातलेली माणसं हातात कॉफी घेऊन भराभर चालली होती, आणि अण्णा फुटपाथच्या कडेला, टोपी काढून हातात धरून, त्या पाइपांकडं वर बघत उभे. मी पाणी पुढं केलं तर म्हणाले, "तेरा वर्षं गं. घर-दार सोडून. इथं या थंडीत." मग खिशातनं रुमाल काढला. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो असू. शेजारीच लेडनहॉल मार्केट आहे, रंगीत छताचं, तिथं चहा घ्या. जवळच एका उंच इमारतीत स्काय गार्डन आहे, वरनं सगळं लंडन दिसतं आणि फुकट आहे, मात्र काही आठवडे आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं.

म्युझियमं. लंडनची मोठी म्युझियमं फुकट आहेत, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी, सायन्स, सगळी, फक्त खास प्रदर्शनांना पैसे. फुकट आहे म्हणूनच एका दिवसात तीन करायचा मोह होतो, तो टाळा. एक म्युझियम, अडीच-तीन तास, बास. ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे रोझेटा स्टोन आणि ममींकडं जातात, तुम्हीही जा, पण अमरावतीच्या स्तूपाचे दगड चुकवू नका, पांढरट दगडावर इतकं बारीक कोरीव काम की माणसांच्या हातातली कडी मोजता येतात. हे सगळं इथं कसं आलं हा प्रश्न मनात येतोच, तो येऊ द्या, पाटीवर कुठल्या साली कुणाकडनं आलं ते लिहिलेलं असतं, वाचा.

व्ही अँड ए म्हणजे आपल्या वाघनखांचं म्युझियम. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारात कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफकडनं ती नखं तिकडं गेली आणि त्याच्या वंशजानं म्युझियमला दिली असं सांगतात. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा ठेवली ती आपल्याच साताऱ्याच्या संग्रहालयात. शिवरायांनी वापरली ती हीच का याचा पुरावा नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं, तेही माहीत असलेलं बरं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ याच म्युझियमच्या मालकीचा. जायच्या आधी त्यांच्या साइटवर वस्तूचं नाव टाकून ती सध्या मांडलेली आहे का बघायचं, दालनं दुरुस्तीला बंद असतात, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

आता आमचा सगळ्यात आवडता दिवस, हा जसाच्या तसा करा. सकाळी नॉर्दर्न लाइननं चॉक फार्म स्टेशन, तिथनं दहा मिनिटं चालत १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहायचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे, प्रवेश फुकट, वेळ आधी बघून जा. बाहेर भिंतीवर निळी गोल पाटी. आत आवाज न करता फिरायचं. तिथल्या वहीत अण्णांनी मराठीत लिहिलं, नाव, गाव सातारा, आणि खाली कंसात प्रतापसिंह हायस्कूल. अक्षर अजून शाळेतल्यासारखं, रेघेवर रेघ.

तिथनं जवळच प्रिमरोज हिल, लहानशी टेकडी, यवतेश्वरच्या मानानं काहीच नाही, वर बसून डबा खायचा, सगळं शहर समोर पसरलेलं असतं. मग उतरून चालत कॅमडेन लॉकला. इथनं रीजंट्स कॅनॉलमधनं लांबट अरुंद बोटी लिटल व्हेनिसपर्यंत जातात, पाऊण तास लागतो, उन्हाळ्यात असतात. कालवा १८२० सालचा, दोन्ही बाजूला झाडं, मागच्या अंगानं दिसणारी घरं, मधे एक काळोखा बोगदा. लिटल व्हेनिसला उतरलं की पाच-दहा मिनिटांवर १०, हाउली प्लेस, तिथं लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले, चिरोल या इंग्रज पत्रकारावर लावलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले होते तेव्हा. इथंही निळी पाटी आहे पण हे लोकांचं राहतं घर आहे, तेव्हा समोरच्या फुटपाथवरनं बघायचं, फोटो काढायचा आणि निघायचं, बेल वाजवायची नाही. पायात जोर असेल तर दुसऱ्या दिवशी हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, जुनं इंडिया हाउस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचं तेव्हाचं वसतिगृह, सावरकरांच्या नावाची पाटी तिथं आहे.

ग्रिनिचला एक दिवस द्या आणि जाताना थेम्समधनं बोटीनं जा, येताना ट्रेननं या. बोटीलाही तेच कार्ड टेकवायचं. शून्य रेखांशाची पट्टी वेधशाळेच्या अंगणात, तिकिटात, पण खरी मजा टेकडीवरनं दिसणाऱ्या नदीची आणि बागेची, ती फुकट.

आणि एक संध्याकाळ बसला द्या. पंधरा नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरपासनं सेंट पॉल कॅथेड्रलवरनं टॉवरकडं जाते, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरायची. चोवीस नंबरची पार्लमेंटपासनं कॅमडेनला. आई म्हणाली की आठ दिवसांत मला लंडन कळलं ते या बसमधनं, खिडकीत बसून दुकानांच्या पाट्या वाचत.

जपायचं काय, तर फोन. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, सायकल नाहीतर ई-बाइकवरनं येऊन हातातला फोन हिसकावून नेतात, हे तिथं नेहमीचं झालंय. दुकानाच्या भिंतीला पाठ लावून बघा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडनं चालतात त्यामुळं रस्ता ओलांडायला सोपं. एस्कलेटरवर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी. अडचण आली तर ९९९. खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो असं कुणी सांगितलं तर ते जुनं आहे, २०२१ पासनं तिथं पर्यटकांसाठी ते बंद झालंय.

शेवटचा दिवस रिकामा ठेवा आणि ज्यांना घेऊन गेलात त्यांना विचारा कुठं जायचंय. आईनं सेंट जेम्स पार्क सांगितलं, पेलिकन बघायला. अण्णा म्हणाले लेडनहॉल. सकाळी पार्क केला, दुपारी लेडनहॉल, तिथनं एलिझाबेथ लाइनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, लिफ्ट आहे. बॅगा घरीच ठेवल्या होत्या, मालकिणीला विचारलं की संध्याकाळपर्यंत ठेवून देतात. विमानाच्या तीन तास आधी हीथ्रो, टर्मिनल कुठलं ते तिकिटावर बघून त्याच गाडीत बसायचं, सगळ्या गाड्या सगळ्या टर्मिनलला जात नाहीत.